स्पितीची वाट कोणत्या बाजूने चढावी?

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळू लागला की घरोघरी थंड हवेच्या ठिकाणांची चर्चा सुरू होते, आणि गेल्या काही वर्षांत त्या चर्चेत मनालीच्या जोडीने स्पिती हे नाव ऐकू येऊ लागले आहे. तिथे काय काय पाहावे हे सांगणारे पुष्कळ जण भेटतात. की गोम्पा हा बौद्ध मठ, चंद्रताल हे तळे, हिक्कीमचे टपाल कार्यालय ही नावे आता कुणालाही पाठ असतात. मात्र समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर राहणारा माणूस दोन-तीन दिवसांत चार हजार मीटरच्या पुढे गेल्यावर त्याच्या शरीरात काय घडते, आणि त्या हिशेबाने वाट व मुक्काम कसे ठरवावेत, हे फारसे कुणी समजावून सांगत नाही. या लेखात तेवढेच सांगायचे आहे.

आधी थोडा भूगोल. स्पिती ही हिमाचल प्रदेशाच्या लाहौल-स्पिती जिल्ह्यातली नदी आणि तिच्याच नावाने ओळखले जाणारे खोरे. ही नदी कुंझुम खिंडीच्या परिसरात उगम पावते, आग्नेयेकडे वाहत जाते आणि किन्नौर जिल्ह्यात खाब येथे सतलजला मिळते. खोऱ्याचे मुख्य गाव काझा. तिथे पोहोचण्याच्या वाटा दोनच आहेत. पहिली शिमल्याहून सतलजच्या काठाने किन्नौरमार्गे, म्हणजे नदीच्या प्रवाहाविरुद्ध हळूहळू वर चढत जाणारी; दुसरी मनालीहून अटल बोगदा पार करून, ग्राम्फू आणि बातलमार्गे, ४,५५१ मीटर उंचीची कुंझुम खिंड ओलांडून वरच्या अंगाने खोऱ्यात उतरणारी. दुसरी वाट जवळची आहे. सारा घोळ तिथूनच सुरू होतो.

उंचीचे आकडे खानदेशच्या मापाने मोजले तर लवकर लक्षात राहतात. आपल्याकडे थंड हवेसाठी ज्याचे कौतुक होते ते तोरणमाळ सुमारे १,१५० मीटरवर आहे. तशी तीन तोरणमाळे एकावर एक रचली तरी काझा वरच राहील, कारण ते सुमारे ३,६५० मीटरवर आहे. की गोम्पा ४,१६६ मीटरवर, लांगझा गाव सुमारे ४,४०० मीटरवर आणि कोमिक त्याहूनही वर, साडेचार हजारांच्या पुढे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर असलेले कळसूबाई १,६४६ मीटरचे आहे, म्हणजे आपल्या राज्यात कुठेही चढून या उंचीचा सराव करता येत नाही.

‘वर ऑक्सिजन कमी असतो’ असे आपण सहज म्हणतो, पण ते अर्धेच खरे आहे. हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण जळगावात आणि कोमिकला सारखेच, सुमारे २१ टक्के असते. कमी होतो तो हवेचा दाब. जिनिंगच्या आवारात रचलेला कापसाचा डोंगर डोळ्यांपुढे आणावा. तळाचा कापूस वरच्या वजनाने दाबला जाऊन घट्ट बसलेला असतो आणि माथ्यावरचा भुसभुशीत असतो. एकच टोपली तळाशी भरली तर तिच्यात जास्त कापूस मावतो, माथ्यावर भरली तर कमी, आणि टोपली मात्र तेवढीच. आपले फुप्फुस ही ती टोपली. काझाला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन तृतीयांश असतो, आणि साडेचार हजार मीटरवर तो ५७-५८ टक्क्यांवर येतो. म्हणजे प्रत्येक श्वासागणिक शरीराला मिळणारा ऑक्सिजन जवळजवळ तेवढ्याच हिशेबाने घटतो. याचा पुरावा बॅगेतच मिळतो. जळगावात पॅक केलेला शेवेचा पुडा काझाला पोहोचेपर्यंत उशीसारखा टम्म फुगलेला असतो, कारण आतली हवा आपल्याकडच्या दाबाची आणि बाहेरची तिथल्या.

ही घट शरीर मुकाट्याने सोसत नाही. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांशी रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या दोन बारीक ग्रंथी असतात. त्यांनी इशारा दिला की श्वास आपोआप जलद आणि खोल होतो, नाडीही वाढते. पण जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड अधिक प्रमाणात बाहेर पडतो आणि रक्त अल्कधर्मी होऊ लागते, म्हणून मेंदू उलट ‘श्वास आवर’ असा लगाम घालतो. या ओढाताणीतून सुटका करतात ती मूत्रपिंडे: ती रक्तातले जास्तीचे बायकार्बोनेट, म्हणजे रक्त अल्कधर्मी करणारा क्षार, लघवीवाटे टाकून देतात आणि मग जलद श्वास चालू ठेवण्याची मुभा मिळते. या कामाला दोन ते चार दिवस लागतात. उंचीवर पहिले एक-दोन दिवस वारंवार लघवीला लागते ती याच कामामुळे, त्यामुळे त्याला घाबरून पाणी पिणे कमी करू नये. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढण्याची प्रक्रिया तर आठवड्यांची असते. आठ-दहा दिवसांच्या सहलीत तिचा भरवसा धरण्यात अर्थ नाही.

याच लगामामुळे रात्री एक विचित्र प्रकार घडतो. झोपेत श्वास भराभर चालतो, मग काही सेकंद पूर्ण थांबतो, आणि एकदम मोठा उसासा येऊन पुन्हा सुरू होतो. शेजारी झोपलेल्या माणसाला हे ऐकून धडकी भरते. कित्येक बायकांनी नवऱ्याला हलवून हलवून रात्र जागून काढलेली असते. दिवसा माणूस ठीक असेल तर हा उंचीवरचा नेहमीचा प्रकार आहे आणि पुढे तो कमी होत जातो.

शरीराची ही जुळवाजुळव होण्याआधीच आपण आणखी वर गेलो की विरळ हवेचा त्रास होतो. त्याची सुरुवात साधारण सहा ते बारा तासांनी होते, आणि फसगत होते ती या उशिरामुळेच. दुपारी पोहोचलेला माणूस संध्याकाळी तळ्याकाठी फोटो काढत हिंडतो, सर्वांना वाटते जमले, आणि खरी परीक्षा मध्यरात्री होते. डोकेदुखी हे मुख्य लक्षण; तिच्याबरोबर मळमळ, अन्नावरची वासना जाणे, गळून गेल्यासारखे वाटणे किंवा चक्कर.

आमच्या पहिल्या फेरीत हे सगळे आम्ही साग्रसंगीत अनुभवले. सात जण होतो, सहल आखून देणाऱ्याने पहिलाच मुक्काम मनालीहून थेट चंद्रतालजवळच्या तंबूंत ठेवला होता, म्हणजे एका दिवसात सुमारे २,०५० मीटरवरून ४,२५० मीटरवर. आमच्यातला सर्वांत धडधाकट म्हणजे अमळनेरचा माझा भाचा, रोज पहाटे आठ किलोमीटर धावणारा. रात्री त्याने ताटाला हात लावला नाही, आणि दोनच्या सुमारास तो डोके धरून उठून बसला. ‘मामा, मन्हं डोकं फुटी ऱ्हायनं,’ एवढेच तो बोलला आणि तंबूबाहेर जाऊन ओकला. बासष्ट वर्षांचे आमचे नाना शेजारच्या तंबूत निवांत घोरत होते. पहाट होताच गाडी काढून आम्ही भाच्याला बातलमार्गे कोकसरपर्यंत, म्हणजे साधारण अकराशे मीटर खाली आणले; दुपारी त्याने स्वतःहून चहा मागितला. काझा त्या वर्षी राहूनच गेले.

यातून दोन गोष्टी नीट समजून घेण्यासारख्या आहेत. एक, व्यायामाने कमावलेले शरीर या त्रासापासून वाचवत नाही. कुणाला त्रास होईल हे वय किंवा दमसास पाहून सांगता येत नाही, उलट धडधाकट माणूस जास्त घाई करतो आणि दुखणे लपवतो. दुसरे, दिवसा किती वर गेलो यापेक्षा रात्री कुठे झोपलो याला जास्त महत्त्व आहे. डॉक्टर आणि गिर्यारोहक मानतात तो नियम असा: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर एक जादा रात्र काढावी.

हा नियम घेऊन नकाशा पाहिला की दोन वाटांमधला फरक लख्ख दिसतो. मनालीहून निघून थेट काझाला मुक्काम केला तरी एका दिवसात १,६०० मीटरची उडी पडते. किन्नौरच्या वाटेने मात्र नारकंडा सुमारे २,७०० मीटर, कल्पा सुमारे २,९६० मीटर, ताबो ३,२८० मीटर आणि मग काझा ३,६५० मीटर अशा पायऱ्या जणू आखूनच ठेवल्यासारख्या आहेत. या वाटेवर पुष्कळ जण कल्पानंतरचा मुक्काम नाकोला करतात, कारण तिथला तलाव सुंदर आहे. पण नाको काझाइतकेच, सुमारे ३,६०० मीटरवर आहे. नाकोला दुपारचे जेवण घेऊन पुढे उतरावे आणि झोपायला ताबोला जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या निमित्ताने इ.स. ९९६ मध्ये स्थापन झालेल्या ताबो मठातली मातीच्या भिंतींवरची चित्रे सकाळी शांतपणे पाहता येतात. तिथे फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे माणूस खरोखर पाहतो. पुढे काझाला निदान तीन रात्री काढाव्यात आणि की, किब्बर, लांगझा, हिक्कीम, कोमिक ही वरची गावे दिवसा पाहून रात्री काझालाच परतावे. इतक्या दिवसांनी शरीर तयार झालेले असते. मग कुंझुम ओलांडून, हवे तर चंद्रतालला एक रात्र काढून, मनालीला उतरावे. जी जागा आमच्या भाच्याला पहिल्या रात्री भोवली, ती शेवटच्या रात्री बहुतेकांना निभते.

किन्नौरची वाट आणखी एका कारणाने शहाणपणाची आहे, पण ते कारण सहसा त्रास झाल्यावरच सुचते. उंचीच्या दुखण्यावर खरा उतारा म्हणजे खाली उतरणे, आणि स्पितीतून खाली उतरणे सोपे नाही. काझाहून मनालीकडे जायचे तर आधी नऊशे मीटर चढून कुंझुम ओलांडावी लागते. नदीच्या दिशेने गेले तर ताबो केवळ पावणेचारशे मीटर खाली आहे, आणि त्यापुढे सुमदोनंतर रस्ता पुन्हा नाकोपर्यंत चढून मगच खाबकडे उतरतो. अशा खोऱ्यात आजारी पडून बाहेर पडण्यापेक्षा हळू चढून आजारी न पडणेच बरे.

घरातला ऑक्सिमीटर अनेक जण सोबत नेतात, आणि तिथेच गोंधळ होतो. कोविडच्या दिवसांत ९४ च्या खाली आकडा गेला की आपली धावपळ उडायची. काझाला पहिल्या दिवशी धडधाकट माणसाचाही आकडा ९० च्या आसपास किंवा त्याखाली दिसू शकतो. तेव्हा दोष फुप्फुसांचा होता, इथे हवाच विरळ आहे. म्हणून आकड्यापेक्षा माणसाकडे पाहावे. साधी डोकेदुखी असेल तर त्याच उंचीवर थांबावे, विश्रांती घ्यावी, वर जाऊ नये. पण बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी ही फुप्फुसांत पाणी साचल्याची लक्षणे आहेत. आणि असंबद्ध बोलणे, गुंगी, दारू प्यायल्यासारखा झोक जाणे ही मेंदूला सूज आल्याची. टाचेला अंगठा लावत दहा पावले सरळ रेषेत चालायला सांगावे. ते जमले नाही तर सकाळची वाट न पाहता, रात्रीच, रुग्णालय गाठावे आणि खाली उतरण्याची सोय करावी.

कापराची पुरचुंडी हा आपल्या मराठी पर्यटकांचा खास उपाय. हिमालयात कुठल्याही खिंडीवर नाकाला भीमसेनी कापूर लावलेली मंडळी दिसली की आपल्याकडची असणार हे ओळखावे. कापराने नाकात गार वाटते आणि श्वास मोकळा झाल्याचा भास होतो. रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. ऑक्सिजनचा छोटा डबाही काही मिनिटांत संपतो. अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध, जे आपल्याकडे डायमॉक्स या नावाने मिळते, मात्र खरोखर उपयोगी आहे, कारण मूत्रपिंडांचे वर सांगितलेले कामच ते लवकर करून देते. चढण्याच्या आदल्या दिवशी सुरू करून साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असे ते देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, आणि ज्यांना सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगायलाच हवे. झोपेच्या गोळ्या आणि दारू पहिल्या रात्रींत टाळावी, कारण दोन्हींमुळे झोपेतला श्वास मंदावतो.

हृदयरोग, दमा, गरोदरपण यांबद्दल सर्वच जण सावध करतात. आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण आणि वाहक मोठ्या संख्येने आहेत. वाहक माणसाला एरवी काही त्रास नसतो, पण जास्त उंचीवर ऑक्सिजन घटला की त्याच्याही तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन प्लीहेचा रक्तपुरवठा अडू शकतो आणि डाव्या बरगडीखाली असह्य वेदना उठतात. ज्यांच्या घरात सिकलसेल आहे त्यांनी साधी रक्ततपासणी करून, डॉक्टरांचे मत घेऊनच बेत ठरवावा.

आता वेळ कोणती निवडावी? कुंझुम खिंड साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत उघडी असते. किन्नौरची वाट मधूनमधून दरडी किंवा हिमस्खलनाने अडली तरी वर्षभर चालू ठेवतात. शाळांना सुट्टी मे महिन्यात असल्याने त्या वेळी जाणाऱ्यांना बहुधा किन्नौरमार्गेच जाऊन त्याच वाटेने परतावे लागते, आणि ते त्यांच्या पथ्यावरच पडते. स्पिती पर्जन्यछायेत आहे, तिथे पाऊस फार पडत नाही, म्हणून जुलै-ऑगस्ट चांगला असे सांगितले जाते. पण खोऱ्यात जाणारे दोन्ही रस्ते पावसाच्या प्रदेशातून जातात आणि दरडी तिथे कोसळतात. जुलै २०२३ मध्ये अवेळी बर्फ आणि पाऊस होऊन चंद्रतालला अडीचशेहून अधिक पर्यटक अडकले होते आणि त्यांना बाहेर काढायला काही दिवस लागले. माझ्या मते सप्टेंबर हा सर्वांत चांगला महिना आहे. ग्राम्फू ते बातल या टप्प्यावर अनेक नाले रस्त्यावरूनच वाहतात. दिवसभराच्या उन्हाने बर्फ वितळून त्यांचे पाणी दुपारनंतर चढते, सकाळी गुडघ्याखाली असलेला नाला चार वाजता गाडी लोटू शकतो. म्हणून तो टप्पा भल्या पहाटे निघून दुपारच्या आत संपवावा.

उंचीचा परिणाम स्वयंपाकघरातही दिसतो. दाब कमी असल्याने काझाला पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ कितीही वेळ ठेवली तरी कचरटच राहते आणि प्रत्येक घरात कुकरशिवाय चूल पेटत नाही. मुक्कामाच्या घरी जेवण उशिरा मिळाले तर यजमानावर रागावू नये. आपण सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू न्यावेत. मळमळत असताना ओळखीची चव घशाखाली उतरते.

पाण्याबद्दल तर खानदेशी माणसाला जास्त सांगायला नको. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे, बंधाऱ्यातून काढलेला पाट आणि पाळीने पाणी सोडणारा पाटकरी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना स्पितीची गावे लगेच उमगतात. वरच्या बर्फाचे पाणी ‘कुल’ नावाच्या पाटाने कित्येक किलोमीटर आणून जवाची आणि हिरव्या वाटाण्याची शेते भिजवतात, आणि कोणाची पाळी कधी हे गाव ठरवते. पीक वर्षातून एकदाच येते. तिथे दोन बादल्या गरम पाण्याची मागणी करणे म्हणजे कुणाच्या तरी पाळीत हात घालणे आहे. गावांतली जुनी शौचालये पाण्याविना चालतात, वरून माती टाकतात आणि तेच खत वसंतात शेतात जाते. त्यात प्लास्टिक किंवा सॅनिटरी पॅड टाकले की सबंध खत वाया जाते. लांगझाच्या आसपास, हिमालय उभा राहण्यापूर्वी तिथे असलेल्या टेथिस समुद्राच्या काळातले शंखासारखे जीवाश्म सापडतात, मुले ते दाखवायलाही येतात. ते पाहावेत, विकत घेऊ नयेत, उचलून आणू नयेत.

राहिले ते जाण्यायेण्याचे. जळगाव किंवा भुसावळहून झेलमसारख्या गाडीने अंबाल्याला उतरून चंडीगड गाठता येते, तिथून शिमला आणि रेकाँग पिओपर्यंत हिमाचल परिवहनच्या बसगाड्या आहेत आणि पिओहून काझाला पहाटे बस सुटते. भारतीयांना या वाटेवर परवाना लागत नाही. पिओनंतर पेट्रोल काझालाच मिळते, रोख रक्कम मात्र जास्तीची ठेवावी. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते. परतीचे तिकीट काढताना ठरलेल्या तारखेपुढचे दोन दिवस सोडून मगचे काढावे, कारण नाकोजवळच्या मलिंग नाल्यावर दरड पडली तर ती कधी हटेल हे तिथला बुलडोझरवालाही सांगू शकत नाही.